‘ग्रेटेस्ट हिट्स’ ऐकणाऱ्यांच्या बाजूने

“हिट्सची रेकॉर्ड पर्यटक घेतात,” असं मला इथे अमेरिकेतल्या मेम्फिस शहरात जुन्या एलपी विकणाऱ्या एका दुकानात ऐकावं लागलं. माझ्या हातात इथलेच सोल गायक अल ग्रीन यांची १९७५ सालची ‘ग्रेटेस्ट हिट्स’ होती, म्हणजे त्यांच्या गाजलेल्या दहा गाण्यांचा संग्रह. काउंटरवरच्या विशी-बाविशीतल्या मुलाचं म्हणणं असं, की खऱ्या रसिकाने मूळ अल्बम घ्यावेत आणि ते पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकावेत. मुलगा उद्धट नव्हता, अगदी कळकळीने सांगत होता. पण ते वाक्य माझ्या डोक्यात गेलं ते गेलंच. अजूनही भांडी लावताना, गाडी चालवताना मी मनातल्या मनात त्याच्याशी वाद घालते. एकदाचं लिहूनच टाकते.

मी सोलापूरची. आमच्या घरात गाणं आलं ते कॅसेटमधून, आणि कॅसेट म्हणजे निवडलेली गाणी. बाबा वहीच्या कागदावर यादी करून दुकानात द्यायचे आणि दोन-तीन दिवसांनी भरलेली कॅसेट आणायचे. एका बाजूला नाट्यगीतं, दुसऱ्या बाजूला अभंग, आणि शेवटी जागा उरलीच तर दुकानदार स्वतःच्या मनाने एखादी लावणी घालायचा. ती लावणीसुद्धा आमची पाठ झाली. त्या कॅसेटवर बाबांनी जे कान तयार केले, ते पाहता त्यांना भीमसेनजी अर्धेच कळले असं कुणी म्हणून दाखवावं! आमच्या अख्ख्या पिढीने गाणं असंच ऐकलं. पैसा मोजका, कॅसेट मोजकी, पण जी हाती लागली ती टेप घासून आवाज बसेपर्यंत ऐकली. इथे घराघरात शेकडो रेकॉर्ड रचून ठेवलेल्या बघते, आणि त्यातल्या कितीतरी अजून प्लॅस्टिकमधून बाहेरही आलेल्या नसतात. तेव्हा रसिकतेचे धडे मला नकोत.

पण बालपणाच्या जोरावर वाद जिंकता येत नाही हे मलाही कळतं. म्हणून रेकॉर्डकडेच येते.

हिट गाण्यांच्या बहुतेक संग्रहांमध्ये जोड कळतो. एक गाणं एका शहरातलं, दुसरं दहा वर्षांनंतरचं, वादक निराळे, आवाजाचा पोत निराळा. अल ग्रीन यांच्या या दहा गाण्यांचं तसं नाही. ती सगळी १९७० ते १९७३ या काळातली आहेत. सगळी दक्षिण मेम्फिसमधल्या रॉयल स्टुडिओत, विली मिचेल या एकाच निर्मात्याच्या हाताखाली झालेली. रॉयल स्टुडिओ म्हणजे मुळात जुनं सिनेमा थिएटर. खुर्च्या गेल्या, पण मागच्यांनाही पडदा दिसावा म्हणून ठेवलेला जमिनीचा उतार तसाच राहिला, आणि त्या उतारावरच माइक लावून ही गाणी रेकॉर्ड झाली. स्टुडिओ आजही चालू आहे. मिचेल यांच्या घरचीच माणसं तो चालवतात आणि तिथल्या रस्त्याला आता विली मिचेल यांचं नाव आहे.

साथीला तिघे सख्खे भाऊ. टीनी हॉजेस गिटारवर, लिरॉय बेसवर, चार्ल्स ऑर्गनवर. ड्रम्सवर कधी हॉवर्ड ग्राइम्स, कधी अल जॅक्सन ज्युनियर. या माणसांनी एकमेकांना इतकं ऐकलेलं आहे की कुणाला पुढे यायची घाई नाही. ऑर्गनचं आपल्याला वेगळं कौतुक सांगायला नको, संगीत नाटकाच्या प्रेक्षकाला तर नाहीच. गाणाऱ्याने ओळ सोडली की ऑर्गनवाल्याने ती अलगद उचलायची, आणि तो परत आला की बाजूला व्हायचं. चार्ल्स हॉजेस यांचं वाद्य हॅमंड, म्हणजे विजेवरचा ऑर्गन, बाज पूर्ण वेगळा, पण साथीची रीत तीच. ‘आय अ‍ॅम स्टिल इन लव्ह विथ यू’ ऐकताना फक्त ऑर्गनवर कान ठेवा. कितीतरी वेळ तो जवळजवळ नसतोच. मग दोन ओळींच्या मधल्या फटीत दोन-तीन सूर येतात आणि जातात. ड्रम्सचा आवाजही असा कोरडा, घट्ट, की खोलीतला माणूस आपल्या खुर्चीजवळ बसून वाजवतोय असं वाटतं.

या सगळ्यावर आवाज. अल ग्रीन आधी जोर लावून गाणारे होते. ओटिस रेडिंगसारख्या मातब्बरांचा प्रभाव सगळीकडे होता, सोल म्हणजे कृष्णवर्णीयांच्या चर्चमधल्या गाण्यातून आलेलं गाणं, आणि ते गाणारा माणूस छाती फोडून गाणार हेच लोकांना माहीत. मिचेल यांनी त्यांना आवाज खाली आणायला लावला. ‘लेट्स स्टे टुगेदर’च्या वेळी तर ग्रीन यांना असं हलक्या आवाजात गाणं पटतच नव्हतं. फेब्रुवारी १९७२ मध्ये तेच गाणं अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं. आवाज वर जातो तो ओरडून नाही, निसटल्यासारखा जातो. आणि मध्येच ओळ अर्धी सोडून ते नुसते हुंकारतात, स्वतःशीच हसतात. शब्द संपले तरी सांगायचं उरलेलं असतं ते त्या हुंकारात येतं.

पहिली बाजू संपते ‘हाउ कॅन यू मेंड अ ब्रोकन हार्ट’वर. गाणं मूळ बी जीज या पॉप गटाचं, १९७१ चं. ग्रीन यांनी ते ओढून सहा मिनिटांच्या वर नेलं आहे. दुसऱ्या बाजूला टेम्प्टेशन्स या गटाचं ‘आय कान्ट गेट नेक्स्ट टू यू’. मूळ गाणं धावतं, नाचरं. ग्रीन यांनी त्याची लय निम्म्यावर आणून ठेवली आणि एकदम कळलं की ते हतबल माणसाचं गाणं आहे. विलंबितात बंदिशीचा अर्थ उघडतो हे आपल्याला वेगळं शिकावं लागत नाही, सवाई गंधर्वच्या मांडवात रात्र काढलेल्या कुणालाही विचारा. पॉप गाण्यात ही हिंमत करणारा माणूस मी तरी आधी ऐकला नव्हता.

आता शेजारच्या आजींबद्दल. सत्तरी ओलांडलेल्या, इथेच दक्षिण मेम्फिसमध्ये वाढलेल्या, आयुष्यभर शाळेत नोकरी केलेल्या कृष्णवर्णीय बाई. इथे दक्षिणेत वयाने मोठ्या बाईला नुसत्या नावाने हाक मारत नाहीत, आधी ‘मिस’ लावतात आणि बोलताना ‘मॅम’ म्हणतात. मला ही पद्धत पहिल्या दिवसापासून आवडली, इतर अमेरिकेत वीस वर्षांचं पोर साठीच्या बाईला नावाने हाक मारतं ते मला आजही खटकतं. तर या आजींना मी दुकानातला किस्सा सांगितला. त्या काही बोलल्या नाहीत. संध्याकाळी एक एलपी घेऊन आल्या. तीच, ‘ग्रेटेस्ट हिट्स’, १९७५ ची. कव्हरच्या कडा चिकटपट्टीने धरलेल्या आणि मागे वरच्या कोपऱ्यात निळ्या बॉलपेनने त्यांचं लग्नाआधीचं नाव. पार्ट्यांना रेकॉर्ड न्यायची तर परत आपलीच यावी म्हणून. आपण स्टीलच्या भांड्यांवर नाव घालून घेतो तसं. मला म्हणाल्या, “सगळे अल्बम घ्यायला तेव्हा कुणाकडे पैसे होते? ही आली आणि आम्ही सगळ्या मैत्रिणींनी हीच घेतली.” बास. ज्यांचं हे संगीत, ज्यांच्या गल्लीत ते तयार झालं, त्यांनीच ते असं ऐकलं. त्यांना कुणी पर्यटक म्हणणार आहे का?

रेकॉर्ड त्या माझ्याकडेच ठेवून गेल्या. प्लेअर बिघडून बरीच वर्षं झाली, तुझ्याकडे तरी वाजेल, म्हणाल्या. मी आता त्यांना शनिवारी चहाला बोलावते. चहा त्यांना गोड लागतो, तरी संपवतात, आणि ‘कॉल मी’ लागलं की बोलणं थांबवतात.

अल ग्रीन इथे नुसते गायक नाहीत, पाद्री आहेत. १९७६ पासून त्यांचं चर्च आहे, फुल गॉस्पेल टॅबरनॅकल, हेल रोडवर. देशातून पाहुणे आले की सगळ्यांना एल्विसचं ग्रेसलँड बघायचं असतं, आणि हे चर्च तिथून अगदी जवळ आहे, पण नेऊ का विचारलं तर फारसं कुणी तयार होत नाही. ग्रीन यांच्या गाण्याची आणि देवाची ओढाताण लहानपणापासूनची. घरच्या भावंडांचं भजनी मंडळ म्हणावं असा गॉस्पेल चमू होता, आणि किशोरवयात जॅकी विल्सन या गायकाची, देवाची नसलेली गाणी ऐकतो म्हणून वडिलांनी घराबाहेर काढलं. पुढे यश आलं, १९७४ मध्ये घरातच एक भयंकर प्रसंग घडून ते भाजले, मग चर्च आलं, १९७९ मध्ये सिनसिनाटीत स्टेजवरून पडले आणि त्यानंतर बरीच वर्षं फक्त देवाचंच गायले. शेवटी २००३ मध्ये पुन्हा विली मिचेल यांच्याकडे, त्याच रॉयल स्टुडिओत येऊन प्रेमगीतं गायली.

यात मला सोलापूरकर म्हणून बोलायचा हक्क आहे असं वाटतं. आमचे रामजोशी. पेशवाईतले शाहीर, शृंगारिक लावण्यांनी गाजलेले, आणि तेच पुढे कीर्तनाला उभे राहिले, मोरोपंतांच्या आर्या लोकांपर्यंत नेल्या. आजही आपण त्यांची लावणी ऐकतो आणि कीर्तनकार म्हणून त्यांचं नावही घेतो, दोन्हीतलं एक खोटं ठरवत नाही. होनाजीच्या लावण्या आणि होनाजीचीच भूपाळी. भीमसेनजी तर ख्याल गात आणि ‘संतवाणी’ही गात, आणि निवड कर असं त्यांना कुणी सांगितलं नाही. अल ग्रीन यांना ही निवड करायला लागली, घरातूनही आणि समाजातूनही, याचं मला खरंच वाईट वाटतं. आपल्याकडेही सगळं आलबेल होतं असं नाही. सुलोचनाबाई चव्हाण आयुष्यभर डोक्यावरून पदर घेऊन लावणी गायल्या, त्या पदराला कारणं होती. पण तो मोठा विषय आहे, आणि तुलनेने आपण बरेच सैल होतो हे मी तरी सोडणार नाही.

तर एका रविवारी आम्ही चर्चमध्ये गेलो. ग्रीन त्या दिवशी नव्हते, ते असतीलच याची खात्री नसते. गायकवृंद उभा राहिला, मागे ऑर्गन सुरू झाला, आणि मी चमकले. तीच साथ! ओळ सोडली की ऑर्गन, ओळ धरली की माघार. हॉजेस बंधूंची ती रीत कुठून आली हे तिथे बसल्यावर सांगायची गरज उरली नाही. शेजारच्या बाकावरच्या बाईंनी हातातला पुठ्ठ्याचा पंखा माझ्या मुलीला दिला आणि स्वतः रुमालाने वारा घेत राहिल्या. प्रवचन लांबलं तेव्हा मुलगी त्यांच्याच दंडावर डोकं टेकून झोपली. आम्ही कोण, कुठले, इथे का, एकानेही विचारलं नाही. निघताना मात्र चार जणांनी जेवून जा म्हटलं.

हे फोनवर सांगितलं तर आत्याबाई म्हणाल्या, “तिकडे जाऊन आता चर्च धरलंस का गं?” मी त्यांना सांगितलं की गणपतीत मेम्फिसजवळच्या ईड्सच्या देवळात आरतीला आम्ही सगळ्यांच्या आधी असतो, मुलीला अथर्वशीर्ष येतं. एवढं सांगायची गरज नव्हती हे मला माहीत आहे, पण परदेशात राहणाऱ्या माणसाला प्रत्येक गोष्टीचा हिशेब द्यावा लागतो आणि मी तो देते. बाबांनी मात्र फोन घेऊन एवढंच विचारलं, “ऑर्गन कसा वाजवतात गं?” त्यांना मी ‘आय अ‍ॅम स्टिल इन लव्ह विथ यू’ पाठवलं. दुसऱ्या दिवशी त्यांचं उत्तर आलं, “वादक समंजस आहेत.” आमच्या घरात याहून मोठी दाद नाही.

एका बाबतीत त्या दुकानातल्या मुलाचं म्हणणं मला मान्य आहे. १९७५ च्या या रेकॉर्डमध्ये ‘लव्ह अँड हॅपिनेस’ नाही. टीनी हॉजेस यांची एकटी गिटार, खाली पायाचा ठेका, आणि मग एकेक करून सगळे आत येतात, असं गाणं. ते दहात का नाही हे मला अजून पटलेलं नाही. त्याच्यासाठी मी १९७२ चा अल्बम वेगळा विकत घेतला, त्याच दुकानातून. नंतरच्या सीडीत गाणी वाढवून पंधरा केली आहेत आणि त्यात ते आहे, त्यामुळे तुम्ही तिकडे ऐकणार असाल तर पंधरा गाण्यांचीच आवृत्ती शोधा. आणि फोनच्या स्पीकरवर ऐकू नका. लिरॉय यांचा बेस त्यात ऐकूच येत नाही, हेडफोन घाला, नाहीतर घरात जुना डेक असेल तर तो दुरुस्त करून घ्या.