आईच्या पलंगावरून दिसणारं घर

आई पडली तेव्हा मी स्टुटगार्टला होते. खुब्याचं ऑपरेशन झालं आणि तिसऱ्या दिवशी मी पुण्यात पोचले. दवाखान्यातून रात्री कोथरूडच्या घरी आल्यावर पहिलं काम केलं ते म्हणजे आईच्या पलंगावर, तिच्याच उशीवर डोकं ठेवून उताणी पडून राहिले. बाबा दारात उभे होते. "दमलीस का?" म्हणाले. म्हटलं, "नाही बाबा, आईला पुढचे दोन महिने इथून काय दिसणार आहे ते बघतेय."

बरोबर डोळ्यांवर येणारी ट्यूबलाइट दिसत होती. समोर बॅगांनी खचाखच भरलेला माळा आणि उजवीकडे गोदरेजचं कपाट. खिडकी डोक्यामागे, त्यामुळे ती दिसतच नव्हती.

हे करून बघायचं सुचलं ते फिनलंडमुळे. काही वर्षांपूर्वी पायमिओ इथलं १९३३ साली उघडलेलं क्षयरोग्यांचं सॅनेटोरियम मुद्दाम बघायला गेले होते. आल्व्हार आल्टो या वास्तुरचनाकाराने त्या खोल्या आडव्या पडलेल्या माणसासाठी आखल्या आहेत. छताला डोळे निवतील असा गडद हिरवा रंग, दिवे रोग्याच्या नजरेआड आणि शेजारच्या खाटेवरच्याची झोप मोडू नये म्हणून पाणी तिरकं पडून आवाजच होणार नाही अशी बेसिनं. आखणीच्या दिवसांत तो स्वतः आजारी होता आणि पडल्यापडल्या हे सगळं जाणवलं, असं तो सांगत असे. आपल्याकडे घराचा नकाशा उभ्या, धडधाकट माणसाच्या नजरेने काढला जातो. त्या घरात आजारपण, बाळंतपण आणि म्हातारपण येणार आहे, याची आठवण शेवटी होते.

दुसऱ्या दिवशी पलंग मागच्या खोलीत नेला आणि त्याचं तोंड खिडकीकडे केलं. बाहेर बुचाचं झाड आहे. ही माझी हौस नव्हती. १९८४ साली रॉजर उलरिच यांचा एक अभ्यास 'सायन्स' या नियतकालिकात आला होता. पेनसिल्व्हेनियातल्या एका रुग्णालयात पित्ताशयाचं ऑपरेशन झालेले ४६ रुग्ण त्यांनी पाहिले. निम्म्यांच्या खिडकीतून झाडं दिसत, निम्म्यांच्या खिडकीतून विटांची भिंत. झाडंवाले सरासरी ७.९६ दिवसांत घरी गेले, भिंतवाले ८.७० दिवसांत, आणि झाडंवाल्यांना तीव्र वेदनाशामकंही कमी लागली. अभ्यास लहान आहे, पण पलंग फिरवायला खर्च शून्य होता.

मग बाथरूम. आई तिथेच पडली होती. १९८९ची इमारत. पाणी बाहेर येऊ नये म्हणून दाराशी चार इंचांचा उंबरा आणि आत चकचकीत टाइल्स. पाय अडखळला तेव्हा तिने टॉवेलच्या दांडीला हात घातला आणि दांडी उपटून हातात आली. भिंतीत अजून दोन भोकं होती. एकात प्लॅस्टिकची गिट्टी अर्धवट बाहेर आलेली, खाली सिमेंटचा भुगा. तो भुगा कुणी झाडलाही नव्हता. मी तिथे बराच वेळ उभी राहिले. टॉवेलची दांडी टॉवेलचं वजन पेलते, माणसाचं नाही, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. तरी तोल गेला की हात जवळ असेल त्यावरच जातो.

स्टुटगार्टला माझ्या खालच्या मजल्यावर एक आजी राहतात. त्यांची बाथरूम मी पाहिलेली होती. शॉवरची जागा आणि बाहेरची जमीन एका पातळीत, पायाला काही लागतच नाही. जर्मनीत १९९५पासून शुश्रूषा-विमा सक्तीचा आहे. माणसाला देखभालीची गरज आहे असं अधिकृतपणे ठरलं, की घरात असे बदल करायला त्यातून ४,१८० युरोंपर्यंत मदत मिळते. हा पैसा माणूस पडण्याआधी खर्च होतो, याचं मला फार मोल वाटतं. आपल्याकडे तो ऑपरेशनच्या बिलातून जातो.

मिस्त्रीकाकांना आजींच्या बाथरूमचे फोटो दाखवले. ते म्हणाले, "ताई, उंबरा काढला तर पाणी हॉलमध्ये येईल." शंका रास्त होती. मग जमिनीचा उतार दारापासून आतल्या कोपऱ्याकडे दिला, दाराच्या आत लांबट जाळीची नाली बसवली, आणि खालच्या मजल्यावर गळू नये म्हणून वॉटरप्रूफिंग नव्याने केलं. टाइल्स खडबडीत घेतल्या. स्टीलचे दोन दांडे टाइलवर न अडकवता थेट विटांमध्ये बोल्ट घालून बसवले. काका स्वतः त्यांना लोंबकळले आणि मगच "झालं" म्हणाले. दार आता बाहेर उघडतं. माणूस आत पडला तर आत उघडणारं दार त्याच्याच अंगाने अडतं. कडीही बाहेरून काढता येते. आठ दिवस लागले, तोवर आई बाणेरला दादा-वहिनींकडे राहिली. खर्च ४८,००० रुपये.

हवेचा मामला मात्र सोपा नव्हता. स्टुटगार्टमधल्या माझ्या पहिल्या हिवाळ्यात मी खिडक्या गच्च लावून भात शिजवायचे, घरातच कपडे वाळत घालायचे. फेब्रुवारीत कपाट सरकवलं तर मागे काळ्या बुरशीचा नकाशा. थंड भिंतीला ओलसर गरम हवा लागली की तिथे पाणी धरतं. तेव्हा त्याच आजींनी 'श्टोसल्युफ्टन' शिकवलं. समोरासमोरच्या खिडक्या पाच-दहा मिनिटं सताड उघडायच्या, दिवसातून तीनदा, आणि मग बंद. तिथल्या भाडेकरारांत घर नीट हवेशीर ठेवायचं कलम सर्रास असतं.

ते जसंच्या तसं पुण्यात चालणार नाही. जुलैत बाहेरचीच हवा ओली असते. खिडकी उघडून कपडे वाळत नाहीत, पंखाच लावावा लागतो. पण बाल्कनी? आमची बाल्कनी २००९मध्ये सरकत्या काचा लावून खोलीत घेतली. निम्म्या पुण्याने हेच केलं. पश्चिमेचा वारा त्या बाल्कनीतून शिरून स्वयंपाकघराच्या खिडकीतून बाहेर पडायचा, तो रस्ताच बंद झाला. फोडणीचा ठसका आता झोपायच्या खोलीत जाऊन बसतो.

काचा काढू या म्हटल्यावर बाबा चिडले. "समोर टॉवर चाललाय. धूळ कोण पुसणार? आणि डास?" त्यांचं चूक नव्हतं. शेवटी दोन तावदानं काढून बारीक जाळी लावली, उन्हाच्या बाजूला बांबूचा पडदा सोडला, आणि स्वयंपाकघरात बाहेर हवा फेकणारा पंखा बसवला. धूळ येते. बाबा सकाळी ती पुसतात आणि मला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने पुसतात. पण एप्रिलच्या रात्री मागच्या खोलीत वारा खेळायला लागला, हे त्यांनीच दादाला फोनवर सांगितलं.

नारायण पेठेतल्या आजोळच्या वाड्यात चौकातून उजेड-वारा ओसरीपर्यंत यायचा. पण माजघर अंधारं होतं आणि आजी आयुष्यभर चुलीच्या धुरात खोकली. म्हणून जुनं ते सगळं सोनं म्हणायला माझी जीभ धजत नाही.

आई घरी आली त्या रात्री अडीचला वॉकरची ठकठक ऐकू आली. पलंगाखाली लावलेला पिवळा दिवा चाहुलीने पेटला होता. मी उठले नाही, नुसती कान देऊन पडून राहिले. ठकठक दाराशी थांबली नाही, तशीच आत गेली. पाण्याचा आवाज. परत ठकठक. पलंग करकरला.

सकाळी चहा पिताना ती बुचाकडे बघत होती. "अगं, तुझ्या तिकडच्या खिडकीतून काय दिसतं?" तिने विचारलं.

दहा वर्षं ज्या टेबलाशी बसून मी काम करते, तिथून समोरच्या इमारतीची भिंत दिसते. तसं सांगितलं.

"मग टेबल हलव की."

परत आल्याच्या आठवड्यात टेबल मागच्या खोलीत नेलं. तिथून टेकडीच्या उतारावरचे द्राक्षमळे दिसतात. फोटो काढून आईला पाठवला.