चिपळूणला चिखल काढायला गेलो होतो, पुढच्या शनिवारी जाणाऱ्यांसाठी थोडं

३१ जुलै आणि १ ऑगस्ट २०२१ असे दोन दिवस आम्ही नऊ जण चिपळूणला जाऊन आलो. पूर आला २२ जुलैला, म्हणजे नऊ दिवस झाले होते, मला वाटलेलं आता फार काम उरलं नसेल, कसलं काय, पुढची खोली साफ आणि मागच्या खोलीत अजून गुडघाभर चिखल अशी कितीतरी घरं होती.

पुण्याहून पहाटे चारला निघालो, कराड-पाटण-कोयनानगर करत कुंभार्ली घाटानं उतरलो. पाटण तालुक्यातली आंबेघर, मिरगाव ही गावं याच पावसात दरडीखाली गेली, त्यामुळे त्या पट्ट्यात गाडीत कोणी फारसं बोलत नव्हतं. घाट अंधारात करू नका, रस्त्यावर माती आहे. मुंबईकडून येणार असाल तर वाशिष्ठी नदीच्या पुलाचं काय चाललंय ते निघण्याआधी विचारून घ्या, जुन्या पुलाचा भाग पुरात गेलाय. पेट्रोल आणि कॅश कराडलाच घ्या.

चिपळूणला पूर नवा नाही, २००५ चा सगळ्यांना आठवतो, पण यावेळी सामान २००५ च्या खुणेच्या वर चढवून ठेवलेल्यांचंही गेलं. वरून पावसाचं पाणी, खाली खाडीची भरती, मग वाशिष्ठीचं पाणी जाणार कुठं. एसटी डेपोचे मॅनेजर नऊ लाखांची रोकड घेऊन बसच्या टपावर बसून राहिले ते तुम्ही बातम्यांत वाचलंच असेल, तो डेपो बघितला की पाणी किती होतं ते कळतं.

आम्हाला काम मिळालं बाजारपेठेतल्या एका वह्या-पुस्तकांच्या दुकानात. जूनचा माल भरलेला, कोविडमुळे शाळा बंद म्हणून तसाच पडून. वह्या पाणी पिऊन इतक्या फुगल्या होत्या की लाकडी रॅकमध्ये घट्ट अडकून बसलेल्या, हातानं निघेनात, शेवटी पहारीनं रॅकच फोडावं लागलं. आणि दुकानाचे मालक काका प्रत्येक गठ्ठा मोजून लिहून घेत होते. आमच्यातला एक जण वैतागून म्हणाला काका फेकू द्या ना आता, तर ते म्हणाले, "अरे बाबा, विमावाला विचारेल ना किती होत्या, तेव्हा तू येशील काय सांगायला?" गप्प बसलो. तर पहिली गोष्ट हीच, काहीही बाहेर फेकण्याआधी मालकाला विचारा, पंचनामा झालाय का, फोटो काढलेत का.

दुसरी गोष्ट आमच्या चुकीतून. पहिल्या दिवशी जोशात येऊन पेठमाप भागातल्या एका घरातला सगळा चिखल समोरच्या गटारात ढकलला. शेजारच्या आजी खवळल्या, "गटारात कसला ओतताय, उद्या पाऊस आला की तोच परत घरात!" त्यांचं बरोबरच होतं. दोन तास गटार उपसण्यात गेले. चिखल रस्त्याच्या कडेला ढिगानं ठेवायचा, जेसीबी-डंपर येऊन उचलतो, कधी येतो ते गल्लीतल्या पोरांना माहीत असतं.

सामान काय न्यायचं, तर फावडी, घमेली, खराटे, लांब दांड्याचे वायपर, आणि जमलं तर गाडी धुवायचा प्रेशर पंप. पंप एकच होता आमच्याकडे, पण सगळी गल्ली तो मागत होती. लाइट नसेल तर उपयोग नाही, म्हणून छोटा जनरेटर असला तर सोनंच. चिखल ओला असताना निघतो, एकदा वाळला की खरवडत बसा, म्हणून आधी पाणी मारून भिजवा. घरातल्या बोर्डाला, फ्रीजला हात लावू नका, वायरमन बघून गेला तरच.

गमबूट आणि रबरी हातमोजे पाहिजेतच, चिखलात काचा आणि पत्रे असतात. धनुर्वाताचं इंजेक्शन घेऊन जा आणि लेप्टोच्या (पुराच्या घाण पाण्यातून होणारा ताप) गोळीचं डॉक्टरांना विचारा. मास्क कोविडसाठी लावायचाच आहे, पण किराणा दुकानात भिजलेला तांदूळ कुजलेला असतो, त्या वासालाही उपयोगी पडतो.

आणि प्लीज जुने कपडे नका नेऊ. चौकात कपड्यांचा ढीग पडलाय, तोही भिजलाय, आता तो उचलायला वेगळी माणसं लागणार. पाण्याच्या बाटल्या आणि बिस्किटंही भरपूर पोचलीत. लोक मागत होते ते फिनेल, ब्लिचिंग पावडर, गॅसची शेगडी, चटया, कोरडी अंथरुणं-पांघरुणं, बायकांचे गाऊन (नवे!) आणि आतले कपडे. फोन करून विचारा आणि तेवढंच न्या.

जेवण-झोपण्याचा भार तिथल्यांवर टाकू नका. आम्ही शिरगावच्या बाजूला ओळखीच्यांकडे पडलो, डबे आमचे. तरी वहीवाल्या काकांनी कुठून तरी चहा आणलाच, तो नाही म्हणू नका, वाईट वाटतं त्यांना.

लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिरात भिजलेल्या पुस्तकांचं काम आहे, १८६४ चं वाचनालय आहे ते, पण तिथं शांतपणे एकेक पान हाताळणारी माणसं हवीत, फावडेवाली नकोत.

आमची चार फावडी आणि सहा घमेली काकांच्या दुकानातच ठेवून आलोय. शनिवारी जाणार असाल तर मेसेज करा, पत्ता सांगतो, तेवढंच गाडीतलं वजन कमी.