दुकानांच्या वरचे दिवे

एखाद्या शहराची मध्यवस्ती जिवंत आहे की नाही हे पाहायचे असेल, तर दुपारच्या गर्दीवर विसंबू नये, असे माझे मत झाले आहे. दुपारी कचेऱ्या आणि बँका कुठल्याही चौकात वर्दळ आणतात. रात्री नऊनंतर, शटर खाली आल्यावर, वरच्या मजल्यांवरच्या किती खिडक्यांत दिवे दिसतात ते मोजावे. महानगरांत बाहेरून येणारा लोंढाच इतका मोठा असतो की मध्यभागी रहिवासी थोडे असले तरी भागून जाते. सत्तर-ऐंशी हजारांपासून पाच-सहा लाखांपर्यंत लोकसंख्या असलेल्या शहराला ते परवडत नाही.

मध्यवस्तीचे पुनरुज्जीवन म्हटले की पहिली सूचना येते ती रस्ता केवळ पादचाऱ्यांसाठी राखण्याची. अमेरिकेतील कॅलामाझू शहराने १९५९ मध्येच हे केले, आणि फ्रेस्नोने १९६४ मध्ये. दोन्ही ठिकाणी कारंजी, झाडे, बाके असा सगळा थाट होता. तरीही कॅलामाझूने १९९८ मध्ये आपल्या रस्त्याचा काही भाग आणि फ्रेस्नोने २०१७ मध्ये आपला रस्ता मोटारींना पुन्हा खुला केला. याउलट स्पेनमधील पोन्तेवेद्रा या जेमतेम ऐंशी हजारांच्या शहराने १९९९ पासून मध्यभागातून मोटारी जवळजवळ हद्दपार केल्या आणि तिथले रस्ते आजही गजबजलेले आहेत. उपाय एकच, पण फळ इतके वेगळे. माझ्या मते याचे मोठे कारण मोटारींत नसून घरांत आहे. त्या अमेरिकी शहरांतले लोक तोवर उपनगरांत राहायला जात होते, त्यामुळे सजवलेल्या रस्त्यावर यायचे तर मोटारीनेच यावे लागे, आणि उपनगरात मोठ्या वाहनतळासह नवी बाजारपेठ उभी राहिल्यावर तेवढे तरी कशाला यायचे? पोन्तेवेद्राच्या जुन्या गल्ल्यांत दुकानांच्या वर माणसे राहतच होती. त्यांना फक्त दाराबाहेरचा रस्ता परत मिळाला.

मग वरचे मजले रिकामे का राहतात? याचे एक उत्तर इतके क्षुल्लक वाटते की त्याची चर्चाच होत नाही, ते म्हणजे जिना. जुन्या इमारतींत वर जाणारा जिना रस्त्यावरून स्वतंत्रपणे चढत असे. दुकानाचा दर्शनी भाग रुंद करण्याच्या नादात अनेक मालकांनी तो काढून टाकला किंवा दुकानात सामावून घेतला, आणि वरच्या खोल्या खोकी ठेवण्यापुरत्या उरल्या. तिथे पुन्हा घर करायचे तर वेगळा प्रवेश, आगीच्या वेळी बाहेर पडण्याची वाट, नवे नळ आणि सांडपाण्याची व्यवस्था, असा खर्च वाढत जातो. तळमजल्याच्या भाड्यावर मालकाचे भागत असेल, तर तो या भानगडीत पडत नाही. रिकाम्या पडलेल्या मोठ्या कार्यालयांची अडचण वेगळी आहे. त्यांचे मजले बाहेरच्या भिंतीपासून आतवर इतके पसरलेले असतात की मध्यावर केलेल्या खोल्यांना खिडकीच मिळत नाही.

नवी घरे बांधायला जावे, तर प्रत्येक घरामागे पार्किंगच्या ठरावीक जागा सोडण्याचा नियम आडवा येतो. एका मोटारीला, आत-बाहेर करण्याच्या वाटेसह, साधारण पंचवीस ते तीस चौरस मीटर जागा लागते, म्हणजे एका लहानशा घराएवढी. अरुंद भूखंडावर हे गणित जुळतच नाही. अमेरिकेतील बफेलो शहराने २०१७ मध्ये ही सक्ती उठवली, ते योग्यच झाले असे मला वाटते.

लोक राहायला आले की गोंगाटाचे भांडण सुरू होते. ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्याने २०१४ पासून यावर एक रीत घालून दिली आहे: गाण्याबजावण्याची जागा आधीपासून असेल आणि शेजारी घरे नंतर बांधली जात असतील, तर आवाज अडवण्याची जबाबदारी घरे बांधणाऱ्याची. नंतर येणाऱ्याने तजवीज करावी, हा न्याय मला पटतो. मात्र मध्यरात्रीनंतर रिकाम्या बाटल्या कचरापेटीत ओतण्याचा जो खळखळाट होतो, त्याला या रीतीचे संरक्षण नसावे. ते काम सकाळी करायला कोणाची काय हरकत असावी?