तुम्ही विचारलंत म्हणून: "त्याला वाढू का देत नाही?"

आमच्या घरी कोणी पहिल्यांदा आलं की चहा होईपर्यंत हॉलच्या खिडकीशी जातंच. तिथे ग्रिलमध्ये एक नांद्रुक आहे, वडाच्या कुळातलं झाड, बोन्साय केलेलं, म्हणजे कुंडीतच लहान आकारात जुन्या मोठ्या झाडासारखं घडवलेलं, जेमतेम वीतभर उंच, उथळ ट्रेमध्ये, आणि ते बघून झालं की प्रश्न येतो, शब्द तेवढे वेगळे. "तारा गुंडाळल्यात, दुखत नाही का त्याला?" "बिचाऱ्याला वाढू का देत नाही?" आमच्या आत्या तर सरळ म्हणाल्या, "झाड खुंटवलं की पाप लागतं गं." प्रश्न मनापासून विचारलेला असतो आणि चहाच्या कपाबरोबर दोन वाक्यांत उत्तर देऊन माझंच समाधान होत नाही, म्हणून आज नीट लिहिते.

वाढू देत नाही हेच मुळात खरं नाही. हे झाड आज वीतभर दिसतंय कारण मधली कित्येक वर्षं मी त्याला माझ्या खांद्यापर्यंत वाढू दिलंय, एकदा नाही, तीनदा.

२०१६ च्या मे महिन्यात मुलुंडच्या आमच्या बिल्डिंगचं प्लास्टर चालू होतं, परांची बांधलेली, आणि बाथरूमच्या पाइपामागच्या भेगेत हे उगवलेलं. मुंबईत हे सगळीकडे दिसतं, बुलबुल-मैना वड-पिंपळ-नांद्रुकाची फळं खातात आणि बी कुठल्यातरी भेगेत पडतं, तिथे जरा ओल असली की बास. प्लास्टरवाले अशी रोपं उपटून टाकतात नाहीतर मुळावर ॲसिड ओततात, कारण मुळं भिंत फोडतात आणि तेही बरोबरच आहे. मी त्या कामगाराला म्हटलं दादा जरा मुळासकट निघतंय का बघा. त्याने छिन्नीने कडेचं प्लास्टर फोडून काढून दिलं. पेन्सिलीएवढं खोड, आणि खाली भेगेत दाबून चपटं झालेलं एकच लांब मूळ, दोरीसारखं.

आता इथेच बहुतेक लोक चुकतात. रोप आणलं की लगेच छोट्या ट्रेमध्ये लावतात, शेंडा खुडत बसतात, आणि दहा वर्षांनीसुद्धा ती कुंडीतली काडीच राहते. खोड जाड कशाने होतं? पानांनी. पानं अन्न बनवतात, ते सालीच्या आतल्या थरातून खाली मुळांपर्यंत उतरतं, आणि त्याच्या जोरावर खोडात नवं लाकूड तयार होतं. पानं जितकी जास्त तितकं खोड भरतं. सारखं खुडत राहिलात तर जाडी कुठून येणार? म्हणून मी ते आधी १४ इंची टबात लावलं, मूळ निम्म्याहून जास्त कापलं, आणि बुंध्याखाली किचनमधली उरलेली एक टाइल ठेवली, म्हणजे नवी मुळं सरळ खाली न जाता चहूबाजूंनी आडवी पसरतात. मोठ्या झाडाचा बुंधा जमिनीला भिडतो तिथे पंजासारखी मुळं दिसतात ना, ती अशी मिळवावी लागतात. मग तीन वर्षं कात्री लावली नाही. खत, पाणी, ऊन, एवढंच.

२०१९ च्या मे अखेरीला खोड अंगठ्याहून जाड झालेलं, झाड माझ्या खांद्याला लागत होतं, आणि मी ते बुंध्यापासून चार बोटांवर कापलं. खरं सांगते, कापायच्या आधी दोन रविवार मी नुसती करवत हातात घेऊन परत ठेवून दिली होती. पांढरा चीक भळाभळा आला, ओल्या फडक्याने टिपत राहिले. वर एक पान उरलं नव्हतं. मुलगी शाळेतून आली आणि बघून रडली. पण या जातीचं हेच बळ आहे, उघड्या खोडावरही झोपलेले डोळे, म्हणजे न फुटलेले कोंब, असतात, शेंडा गेला की शेंड्याकडून खाली येणारा "थांबा" हा निरोप बंद होतो आणि ते जागे होतात. पहिला पाऊस पडला आणि पंधरा दिवसांत सालीतून हिरवे टिपके दिसायला लागले, मी मोजले, अकरा होते. त्यातला कापाजवळचा एक नवा शेंडा म्हणून ठेवला आणि पुन्हा दोन वर्षं मोकळं सोडलं. मग तो कापला, जरा वर. परत तेच. असं प्रत्येक टप्प्यावर खोड आधीपेक्षा थोडं बारीक होत जातं, खाली रुंद वर निमुळतं, आणि तेवढ्याने वीतभर झाड शंभर वर्षांचं वाटतं. एका खोडापायी सात-आठ वर्षं जातात ती अशी, आणि त्यातली बहुतेक काहीही न करण्यात जातात.

तारांबद्दल विचारता ते योग्य आहे, कारण तिथे इजा होऊ शकते, माझ्याकडून झाली आहे. ॲल्युमिनियमची मऊ तार असते, फांदीवर तिरकी गुंडाळायची आणि हळूहळू वाकवायची, काही आठवड्यांत फांदी ते वळण धरते आणि तार काढायची. अडचण मुंबईच्या पावसाची आहे. जून ते सप्टेंबर नांद्रुक इतकं भरभर जाड होतं की महिन्याभरातसुद्धा तार सालीत रुतायला लागते. २०२१ च्या पावसाळ्यात आईच्या आजारपणात मी अडीच महिने नाशिकला होते, घरच्यांनी पाणी नियमाने घातलं पण तारेकडे कोण बघणार. आले तर डावी मोठी फांदी स्क्रूच्या आट्यांसारखी कापली गेलेली. अशी रुतलेली तार उलगडायची नसते, साल सोलून येते, तुकडे तुकडे करून काढायची. मी ते रात्री टॉर्च लावून केलं, सकाळपर्यंत धीर नव्हता. ते व्रण जायला दोन वर्षं लागली आणि उपाय पुन्हा तोच, त्या फांदीला मोकळं वाढू दिलं, ती जाड झाली तशा खाचा भरत आल्या. अजून जवळून बघितलं तर एक दिसते. तेव्हापासून पावसाळ्यात मी तार लावतच नाही, दिवाळीनंतर लावते.

मुळं कापते, हो, दोन वर्षांतून एकदा, मेच्या शेवटी, साधारण एक तृतीयांश. माती म्हणजे चाळलेले विटांचे तुकडे, जाड रेती आणि थोडं गांडूळखत, कारण नर्सरीची लाल माती इथे जुलैत चिखल आणि एप्रिलमध्ये दगड होते.

असं करून झाड लवकर मरत असेल असं वाटतं ना? वॉशिंग्टनच्या नॅशनल आर्बोरेटममध्ये एक पांढरा पाइन आहे, १६२५ पासून कुंडीत वाढवलेला. तो हिरोशिमाच्या यामाकी कुटुंबाकडे होता, ६ ऑगस्ट १९४५ ला बॉम्ब पडला तिथून साधारण तीन किलोमीटरवर, भिंतीच्या आड वाचला. १९७६ मध्ये जपानने तो अमेरिकेला भेट दिला. चारशे वर्षं कोणीतरी रोज त्याला पाणी घातलंय, मला तर हे वाचून काही सुचलंच नव्हतं.

आणि छळ होतच नाही असंही माझं म्हणणं नाही. एसी हॉलमध्ये टीव्हीशेजारी शो-पीस म्हणून ठेवलेलं, वर खडे चिकटवलेलं झाड बघितलं की मला खरोखर वाईट वाटतं, त्याला ऊन नाही, पाणी आत जात नाही, दोन महिन्यांत संपतं. सह्याद्रीतून जुनी झाडं खणून आणतात तेही मला मान्य नाही, दहातली किती जगतात ते आणणाऱ्यांनाच विचारा.

आत्ता आलात तर तुम्हाला त्याच्या उजव्या बाजूने एक लांबच लांब फांदी ग्रिलच्या बाहेर गेलेली दिसेल, चार फूट तरी असेल. खालच्या काकूंनी विचारलं, वॉचमन म्हणाला मॅडम कापून देऊ का. नको म्हटलं. त्या बाजूचा बुंधा अजून भरायचा आहे, तिच्या पानांवर तो भरतोय. पुढच्या मेमध्ये बुंधा बघेन, झाला असेल तर फांदी काढेन, नाहीतर अजून एक पावसाळा. काढली की तिचे वीतवीतभर तुकडे करून रेतीत खोचणार, पावसात सहज मुळं धरतात. एक आत्यांनी मागून ठेवलाय. अजून कोणाला हवा असेल तर आधी सांगा, आणि घरी टब मोठा आणा.