तुम्ही विचारलंत म्हणून: कॉस्टकोचं कार्ड काढावं का?

अमेरिकेत नवीन आलेल्यांचं घर लागतं, गाडी येते आणि महिन्याभरात मला फोन येतो, “ताई, कॉस्टकोचं कार्ड काढू का? सगळे म्हणतात काढ.” कॉस्टको म्हणजे घाऊक मापात माल विकणारी दुकानं; वर्षाची फी भरून कार्ड काढलं की तिथे खरेदी करता येते. मला इथे न्यू जर्सीत बारा वर्षं झाली, हा प्रश्न इतक्या जणांनी विचारलाय की एकदा नीट बसून उत्तर लिहायचं ठरवलं. फोनवर मी पटकन “हो” म्हणते, ते माझ्या घरापुरतं खरं असतं. तुमच्या घरात काय शिजतं, किती माणसं जेवतात, मला ठाऊक नसतं.

फी आधी बाजूला काढू. सप्टेंबर २०२४ पासून साधं कार्ड वर्षाला ६५ डॉलर आणि एक्झिक्युटिव्ह १३० डॉलर झालं. ६५ म्हणजे महिन्याला साडेपाच डॉलरही पडत नाहीत. शिवाय समाधान झालं नाही तर कॉस्टको फी परत करते. तेव्हा ६५ डॉलर बुडतील या धास्तीने थांबू नका. पैसे जातात ते दुसरीकडे.

वस्तू तिथे स्वस्त असतात, हे खरंच आहे. कंपनी खरेदीच्या किमतीवर साधारण १४-१५ टक्क्यांपेक्षा जास्त चढवत नाही. मोठ्या सुपरमार्केटात तीस-तीस हजार प्रकारचा माल असतो, इथे जेमतेम चार हजार. नफ्याचा मोठा भाग आपल्या फीमधून येतो. २०२४ च्या आर्थिक वर्षात नुसत्या फीचे ४८० कोटी डॉलर जमले. पण या दुकानांचं मूळ लक्षात ठेवा. सॉल प्राइस यांनी १९७६ साली सॅन डिएगोत ‘प्राइस क्लब’ काढला तो छोट्या व्यापाऱ्यांसाठी. खानावळवाला, किराणावाला येऊन घाऊक माल उचलणार, अशी ती कल्पना. कॉस्टको आणि त्याच धर्तीचा सॅम्स क्लब १९८३ मध्ये आले, तसंच बीजेज त्यानंतर वर्षभरात. माल मात्र अजून त्याच मापात येतो. तो खपायचा असतो दोन-तीन माणसांच्या घरात.

म्हणून मी उलटा प्रश्न विचारते: तुमच्याकडे महिन्याला काय आणि किती संपतं?

माझी आई उन्हाळ्यात वर्षाची बेगमी करायची. गव्हाला ऊन दाखवायचं, कडुलिंबाचा पाला घालायचा, तुरीच्या डाळीला एरंडेल चोळायचं. वर्षाला गहू किती, तांदूळ किती, डाळ किती, सगळं तिला पाठ. आधी खप, मग खरेदी. मी इथे आल्यावर पहिली दोन वर्षं नेमकं उलटं केलं. तीन पौंडांची अक्रोडाची पिशवी स्वस्त दिसली म्हणून आणली, जुलैमध्ये ओट्यावरच्या फडताळात ठेवली आणि गणपतीत लाडवांसाठी उघडली तर खवट वास. निम्म्याहून जास्त पिशवी टाकावी लागली. टाकलेल्या भागाचे पैसे उरलेल्या अक्रोडांवर चढवून पाहिले, तर कोपऱ्यावरच्या दुकानातली छोटी पुडी स्वस्त पडली असती. आता बदाम, अक्रोड, काजू घरी आले की त्याच दिवशी छोट्या पिशव्यांत भरून फ्रीझरमध्ये जातात. पालकाचा एक पौंडाचा डबा मात्र मी अजून फक्त आमच्या घरासाठी घेत नाही. चौथ्या-पाचव्या दिवशी खालची पानं चिकट व्हायला लागतात, आणि रोज पालक खायला घरात कुणी तयार नसतं.

आता ज्या एका वस्तूने माझं कार्ड दर वर्षी वसूल होतं, ती म्हणजे लोणी. बिनमिठाचं, चार पौंडांचं खोकं, एकेका पौंडाच्या चार डब्या, मिळून सोळा कांड्या. अमेरिकेच्या नियमाप्रमाणे बटरमध्ये किमान ८० टक्के दुधाची चरबी असावीच लागते, त्यामुळे चार पौंडांतून, म्हणजे १८०० ग्रॅममधून, मला तेराशे-चौदाशे ग्रॅम तूप मिळतं. रविवारी सकाळी जाड बुडाच्या पातेल्यात सगळ्या कांड्या सोडते. आधी पांढरा फेस येतो, मग तडतड सुरू होते, मग तडतड मंदावते आणि तळाशी बेरी तांबूस दिसायला लागते. तिथे गॅस बंद. जरा उशीर झाला तर करपट वास लागतो. माझ्याकडे एवढं तूप सहा आठवड्यांत संपतं. देशी दुकानातल्या तयार तुपाच्या बरण्यांशी एकदा भाव ताडून बघा. माझ्या घरात या एका हिशेबात वर्षाची फी निघते. तुमच्याकडे तूप चार महिने पुरत असेल तर हा हिशेब तुमच्या कामाचा नाही. मग दूध असेल, अंडी असतील, कपड्यांची पावडर असेल. काहीतरी एक-दोन ठोस, न चुकता संपणारं हवं.

ते शोधायला सोपं काम करा. कार्ड काढण्याआधी महिनाभर सगळ्या पावत्या एका चिमट्याला लावून ठेवा. महिन्याने बसून ज्या गोष्टी दोनदा किंवा जास्त वेळा आणल्या त्यांच्याखाली रेघ ओढा. मग कार्ड असलेल्या मैत्रिणीबरोबर एक फेरी मारा आणि फक्त रेघ ओढलेल्या वस्तूंचे भाव टिपून आणा. कागदावर एक औंस किंवा एक पौंड असं एकच माप ठेवा. एका दुकानाच्या पट्टीवर भाव औंसाला लिहिलेला असतो, दुसऱ्याच्या पट्टीवर पौंडाला. सोळा औंसांचा पौंड हे विसरलं की सगळी तुलना फसते. समजा त्या वस्तू सरासरी १५ टक्के स्वस्त निघाल्या, तर वर्षाला ४३३ डॉलरची खरेदी तिकडे वळली की ६५ वसूल. ‘वळली’ म्हणतेय, वाढली नव्हे. टीव्ही बघून आलात, दोन जॅकेटं घेऊन आलात, तर ती या खात्यात धरू नका.

गाडीच्या गॅसबद्दलही, म्हणजे पेट्रोलबद्दल, नेहमी विचारतात. कॉस्टकोचा पंप रोजच्या रस्त्यावर असेल तर जरूर भरा. गॅलनला २० सेंटचा फरक धरला आणि आठवड्याला दहा गॅलन भरले, तर वर्षाला शंभर डॉलर सुटतात, फीपेक्षा जास्त. पण खास गॅससाठी दहा मैल जादा हिंडलात, तर गॅलनला २५ मैल देणारी गाडी त्यातच ०.४ गॅलन पिते आणि वाचलेल्या दोन डॉलरमधला निम्म्याहून जास्त भाग तिथेच संपतो. वर रांग आहेच.

एक्झिक्युटिव्ह कार्ड सुरुवातीला घेऊ नका. त्यात २ टक्के परत मिळतात, म्हणजे जादा ६५ डॉलर भरून निघायला वर्षाला ३२५० डॉलरची खरेदी हवी, महिन्याला २७० च्या वर. गॅस आणि फूड कोर्टचं बिल त्यात धरत नाहीत. वर्षभर साधं कार्ड वापरा, मग आकडे सांगतील.

विद्यार्थ्यांसाठी एक गोष्ट आवर्जून: एकाच पत्त्यावर राहणाऱ्या दुसऱ्या व्यक्तीला त्याच फीत कार्ड मिळतं. दोघांत ६५ म्हणजे साडेबत्तीस. आणि वाटून घ्यायला लाजू नका. आमच्या शेजारच्या कुटुंबाबरोबर महिन्यातला एक शनिवार ठरलेला असतो. गॅरेजमध्ये घडीचं टेबल, त्यावर वजनकाटा, बाजूला रिकाम्या बरण्या. वीस पौंड बासमतीचे दोन ढीग, बदामांचे दोन, पालकाचा डबासुद्धा अर्धा-अर्धा. पोरं पिशव्यांवर तारखा लिहितात. ही वाटणी सुरू झाल्यापासून माझ्याकडे तांदळात टोके पडलेले नाहीत.

गेल्या महिन्यात ज्या मुलीने फोन केला होता तिने खरंच पावत्या जमवल्या. दोघंही दिवसभर कामावर, दुपारचं जेवण बाहेर, रात्री भात आणि एक भाजी. रेघ ओढण्यासारख्या दोनच गोष्टी निघाल्या, दूध आणि अंडी, आणि दुकान घरापासून वीस मिनिटांवर. मी तिला सांगितलं, आत्ता नको. जूनमध्ये तिच्याकडे बाळ येणार आहे. डायपर, पुसायचे ओले रुमाल, आईला मदतीला आलेल्या आजीचं जेवण, सगळा खप तेव्हा बदलेल. तरी डायपरचं पहिल्या मापाचं मोठं खोकं आधीच भरून ठेवू नको म्हटलंय, बाळं त्या मापातून फार लवकर बाहेर पडतात. मे महिन्यात कागद घेऊन परत बसायचं ठरलंय.