करंगळी जाईल एवढी फट

“अरे, ह्या फटीत करंगळी जाईल की,” अण्णा म्हणाले.

त्यांच्या तळहातावर मिग-२१ ह्या लढाऊ विमानाच्या मॉडेलचा पंख होता. प्लॅस्टिकचा, करडा, अजून रंग न लागलेला. प्रमाण १/७२, म्हणजे मॉडेलवरचा १ इंच खऱ्या विमानावरचे ६ फूट. खऱ्या मिगचे पंख ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत ७.१५ मीटर भरतात, माझ्या मॉडेलचे १० सेंटीमीटरलाही किंचित कमी. पत्र्यांचे जोड दाखवणाऱ्या बारीक रेघा त्यावर कोरलेल्या होत्या. त्या किती सुबक आहेत हे दाखवायलाच मी तो पंख त्यांच्या हातात दिला होता. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, पंख डोळ्यांजवळ नेला आणि निकाल दिला.

तेव्हा हसण्यावारी नेलं, पण रात्री हिशेब केला. रेघेची रुंदी साधारण ०.१५ मिमी धरली तर गुणिले ७२ म्हणजे जवळजवळ ११ मिमी. करंगळी खरंच गेली असती.

अण्णा नाशिकजवळ ओझरच्या विमान कारखान्यात फिटर होते. १९६४ साली मिग बनवण्यासाठीच तो उभा राहिला. आमच्या भागात अजूनही नुसतं ‘मिग’ म्हटलं की टाउनशिपच समजतात. अण्णा १९७०ला लागले तेव्हा मिग-२१चा एफएल हा प्रकार बनत होता. त्याला टाइप ७७ म्हणत. पुढे आलेलं एम म्हणजे ९६ आणि बिस म्हणजे ७५. अण्णा अजूनही ‘सत्त्याहत्तर’ असंच म्हणतात, एखाद्या वर्गमित्राचा हजेरी क्रमांक सांगावा तसं. मला तेच सत्त्याहत्तर करायचं होतं आणि तेही रंग न दिलेलं, उघड्या अ‍ॅल्युमिनियमचं.

बारा-तेरा वर्षं मी हे उद्योग करतोय, पण बहुतेक रणगाडे आणि हिरव्या-तपकिरी पट्ट्यांची विमानं. त्या पट्ट्यांखाली बरीच पापं झाकली जातात. धातूच्या रंगाखाली काहीही झाकलं जात नाही, उलट केसाएवढा ओरखडासुद्धा दुप्पट होऊन समोर येतो. हे ऐकून माहीत होतं. कळलं नंतर.

जूनमध्ये सुरुवात केली. विमानाचं धड डाव्या-उजव्या दोन अर्धांत येतं आणि खरी परीक्षा त्या जोडाची. प्लॅस्टिक मॉडेलचं लिक्विड सिमेंट हा चिकटवणारा गोंद नव्हे, ते दोन्ही कडा वितळवून एकजीव करतं. कडा एकमेकींना टेकवून धरायच्या, ब्रशचं टोक फटीला लावायचं, द्रव आपोआप आत ओढला जातो. मग हलकेच दाबलं की वितळलेल्या प्लॅस्टिकची बारीक उंच रेघ बाहेर येते. ती आली म्हणजे जोड भरला. पकडून ठेवायला मी कपडे वाळत घालायचे चिमटे आणि रबरबँड वापरतो. त्याआधी नाकाच्या पोकळीत मासेमारीच्या गळाला लावतात ते शिशाचे दोन मणी बसवले, नाहीतर मॉडेल शेपटीवर बसेल अशी धास्ती होती. शिसं हाताळल्यावर हात धुवायचे, हे माझ्या मुलीने मला तीनदा सांगितलं.

चूक पुढे झाली. दुसऱ्याच दिवशी संध्याकाळी मी जोड घासायला घेतला. ४०० नंबरचा वॉटर पेपर (ओला करून घासायचा कागद, आकडा मोठा तितका बारीक), मग ६००, मग १०००, सगळं पाण्याखाली. सुरेख सपाट झाला. आठवड्याने बघतो तर पाठीवर बरोबर मधोमध एक उथळ चर. आतलं प्लॅस्टिक तेव्हा पुरतं सुकलेलंच नव्हतं. सिमेंटमधलं सॉल्व्हंट उडत गेलं तसा जोड खाली बसला. आता मी जोडाला निदान चार-पाच दिवस हात लावत नाही, पावसाळ्यात आठवडाभर. चर भरायला विकतची पुटी लागत नाही. भाग ज्या प्लॅस्टिकच्या चौकटीला लागून येतात तिचे तुकडे सिमेंटच्या अर्ध्या बाटलीत टाकून ठेवले की दोन दिवसांत पाकासारखी पेस्ट होते. मॉडेलचंच प्लॅस्टिक असल्यामुळे ती घासली जाते तीही त्याच्यासारखीच. फक्त सुकायला पुन्हा तेवढाच वेळ.

अण्णांनी मला घासताना पाहिलं आणि त्यांना राहवेना. “कागद बोटाने दाबू नकोस. बोट मऊ असतं, ते खड्डा करतं. ठोकळ्यावर गुंडाळ.” मी खोडरबराच्या तुकड्यावर कागद गुंडाळला. जोड तपासायची त्यांची रीत वेगळीच. मी ट्यूबलाइटखाली धरून प्रकाशाची रेघ कुठे वाकते ते बघत होतो. त्यांनी डोळे मिटले आणि अंगठ्याचं नख जोडावरून आडवं फिरवलं. “इथं आहे अजून.” खरंच होतं. डोळ्यांना अजिबात दिसत नव्हतं, पण प्रायमर मारल्यावर बरोबर त्याच जागी रेघ उमटली.

प्रायमरची कथा मात्र दुःखाची आहे. जुलैचा शेवट, बाहेर झड लागलेली, गॅलरीच्या भिंतींना ओल. मी एअरब्रश, म्हणजे हवेच्या दाबाने रंग फवारणारं पेनासारखं यंत्र, काढला. ०.३ मिमीची नोझल, १५ पीएसआयचा दाब, प्रायमर दुधाइतका पातळ, सगळं पुस्तकात असतं तसं. दहा मिनिटांत करडं मॉडेल पांढुरकं, बुरशी आल्यासारखं झालं. लॅकरमधलं थिनर भराभर उडतं, त्याने पृष्ठभाग गार पडतो आणि हवेतलं बाष्प ओल्या रंगावरच बसतं. त्यात कॉम्प्रेसरच्या नळीत साठलेलं पाणी मधेच थेंबाथेंबाने थुंकलं गेलं. दोन पिटुकले फोड पंखावर, एक शेपटीवर. मी सगळं डब्यात भरलं आणि डबा कपाटावर टाकला.

हे लिहितोय ते मुख्यतः ह्यासाठी, की आपल्याकडच्या पावसात कोणी हा खटाटोप करत असेल तर त्याने जून ते सप्टेंबर कापाकापी, घासणं आणि कॉकपिटची ब्रशने रंगवारंगवी एवढंच करावं. फवारणी दसऱ्यानंतर. अगदीच निकड असेल तर नळीच्या टोकाला, एअरब्रशच्या अगदी जवळ, पाणी अडवणारा छोटा फिल्टर लावावा आणि थिनरमध्ये रिटार्डर घालावं, म्हणजे रंग सावकाश सुकतो. आणि मास्क वापरा, कापडी नव्हे, सॉल्व्हंटच्या वाफा गाळणारी डबी (कार्ट्रिज) असलेला. कापडी मास्क लावून मी पहिली दोन वर्षं रोज डोकं दुखवून घेतलं.

डबा खाली आला तो २६ सप्टेंबर २०२५ला. त्या दिवशी चंडीगडला मिग-२१ निवृत्त झालं. १९६३ साली पहिली तुकडी जिथे उभी राहिली त्याच ठिकाणी. अण्णा सकाळपासून टीव्हीसमोर बसून होते. पाण्याच्या फवाऱ्यांमधून विमानं आत येताना ते काहीच बोलले नाहीत. जेवताना म्हणाले, “तुझं ते सत्त्याहत्तर कुठवर आलं?”

दिवाळीनंतर हवा कोरडी झाली तशी पुन्हा बसलो. बुरशी आलेला प्रायमर घासून काढला. त्याच वेळी करंगळीच्या फटीचाही विचार केला. सगळ्या रेघा बुजवाव्यात का? अण्णांना विचारलं तर म्हणाले, “जिथं काहीतरी हलतं किंवा उघडतं, तिथं फट दिसते. बाकी ठिकाणी पत्रा पत्र्याला भिडलेला असतो.” मग फ्लॅप, एलेरॉन, रडर, एअरब्रेकची झाकणं यांच्या रेघा तशाच ठेवल्या. बाकीच्यांत पातळ पुटी ब्रशने भरून १०००च्या कागदाने घासली. रेघ पूर्ण गेली नाही, उथळ झाली, तेच हवं होतं. मॉडेलवाल्या मित्रांना हे रुचणार नाही. आमच्यात खोल, काळ्या रेघांची हौस फार आहे. मलाही होती.

मग मी मोठ्या तयारीने जी चूक केली ती अशी. धातूचा रंग खुलावा म्हणून खाली चकचकीत काळा द्यायचा असतो. दिला. दोन दिवस थांबलो, २०००च्या कागदाने पुसला, वर लॅकरचा धातू-रंग, अगदी पातळ धुक्यासारखे चार हात. काय चमकलं! खिडकीची चौकट पंखात दिसत होती. ताटात ठेवून अण्णांपुढे नेलं.

“हे स्टीलचं ताट झालं रे. आमचं विमान अ‍ॅल्युमिनियमच्या पातेल्यासारखं असायचं. घासलेलं, पण जुनं.”

दोन दिवस मी त्यांच्यावर रुसून होतो, हे कबूल करतो. मग स्वयंपाकघरातून आईचं पातेलं आणून दिव्याखाली धरलं. प्रकाश त्यात पसरतो, आरशासारखा परत फिरत नाही. रंग सोलायची गरज पडली नाही. त्यावरूनच मंद अ‍ॅल्युमिनियमचा एक पातळ हात दिला, मग काही पत्रे झाकून त्यांना किंचित गडद छटा आणि शेपटीकडच्या भागाला जळक्या तपकिरीचा नुसता भास. मास्किंग टेप थेट चिकटवली तर उचलताना धातूचा रंग घेऊनच येते. आधी तळहातावर दोन-तीनदा चिकटवून तिचा जोर मारायचा, मग विमानावर. नाकाचा शंकू हिरवा. फटी उठून दिसाव्यात म्हणून पातळ तेलरंग सोडताना काळा न घेता करडा घेतला, तोही फक्त हलणाऱ्या भागांच्या फटींत.

डेकल, म्हणजे पाण्यात भिजवून चिकटवायची चिन्हं, जुने होते, सात-आठ वर्षं कपाटात पडलेले. हवाई दलाचा पहिलाच तिरंगी गोल कोमट पाण्यात टाकला तर केशरी कडं एकीकडे, हिरवा ठिपका दुसरीकडे. नशिबाने तोच एक जास्तीचा होता. उरलेल्या पानावर पारदर्शक वार्निशचा हात दिला, एक दिवस ठेवलं, मग एकेक कापून लावले. जुन्या पानाचा एक फालतू तुकडा आधी पाण्यात टाकून बघायची अक्कल तेव्हाच आली. खरखरीत पृष्ठभागावर डेकल लावलं तर खाली हवा अडकून रुपेरी डाग पडतात, म्हणून आधी चकचकीत वार्निश देतात. धातूचा रंग मुळात गुळगुळीत असेल तर ते टाळावं, कारण वार्निशखाली धातू मरतो.

कॉकपिटची काच मी एकदा सुपरग्लूने चिकटवली होती, दुसऱ्या एका विमानावर. त्याच्या वाफेने काच आतून दुधाळ झाली आणि वैमानिक कायमचा धुक्यात गेला. तेव्हापासून फेव्हिकॉल. ओल्या काडीने जादा पुसता येतो, सुकल्यावर पारदर्शक होतो आणि चुकलं तर काच उचलता येते. काचेच्या चौकटी रंगवायला टेप लावून मेडिकलमध्ये मिळणाऱ्या ११ नंबरच्या ब्लेडने कापतो. ब्लेड दर काचेला नवं.

राहिली नाकावरची पिटो नळी, हवेच्या दाबावरून वेग मोजणारी. प्लॅस्टिकची होती ती मी हातात घेताच तुटली, मोडायचीच ती. बदली म्हणून इन्शुलिनच्या सुईचा तुकडा. सुई कापायची नाही, बारीक कानशीच्या कडेखाली गोल गोल फिरवून रेघ पाडायची आणि मोडायची, म्हणजे तोंड चेपत नाही. बाकीच्या बारीक तारांसाठी प्लॅस्टिकची काडी समईच्या ज्योतीवर, ज्योतीला न टेकवता, मऊ करून ताणली. केसासारखी तार निघते. आईला समईचा हा उपयोग पसंत नाही.

डिसेंबरच्या एका रविवारी विमान अण्णांच्या टेबलावर चाकांवर उभं केलं. शेपटीवर बसलं नाही. त्यांनी आधी नळी बघितली. ती नाकाच्या वर हवी, सुरुवातीच्या एफ-१३सारखी खाली नको. वरच होती. मग खाली वाकून चाकांची झाकणं बघितली. मग बराच वेळ नुसतं विमान.

“पिटोला कव्हर कुठाय?”

“अण्णा, ते उडायला निघालंय असं समजा ना.”

“आत माणूस कुठे बसलाय? उभं आहे ते. उभ्या विमानाला कव्हर लागतं.”

टिश्यूचा एक पदर सोडवला, फेव्हिकॉलच्या पाण्यात भिजवून सुईभोवती गुंडाळला आणि सुकल्यावर लाल रंगवला. चार मिलिमीटर. लोंबणारी पट्टीसुद्धा त्यांनीच कापून दिली, हात किंचित थरथरत असताना, ११ नंबरच्या नव्या ब्लेडने.