तरवड, अडुळसा आणि बांबूतले भुंगे

म्हसरूळला आमच्या घरामागच्या जागेत वीतभर मातीखाली मुरूम लागतो. नाशिक शहरात वर्षाकाठी साधारण ७०० मिलिमीटर पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत संपतो. उरलेले आठ महिने बागेने बेताच्या पाण्यावर काढायचे असतात. अशा जागेत मधमाश्या आणि फुलपाखरांसाठी पुरुषभर उंचीची, वर्षानुवर्षे टिकणारी फुलझाडे लावायची ठरवली, तेव्हा मी रोपवाटिकेऐवजी आधी पांडवलेणीच्या बाजूच्या उघड्या माळाकडे पाहिले. तिथे कोणी पाणी घालत नाही, तरीही तरवड, रुई आणि निर्गुडी उभ्या असतात.

पहिल्या वर्षी मात्र माझ्या हातून मोठी चूक झाली. तरवडाच्या रोपांना मी भरपूर शेणखत घातले आणि ठिबकने रोज पाणी दिले. झाडे भराभर वाढली, पण फांद्या लुसलुशीत राहिल्या, फुले थोडीच आली, आणि दुसऱ्या पावसाळ्यातल्या पहिल्याच वादळी सरीत तीन झाडे आडवी झाली. पाणी वरच्यावर मिळत असल्याने मुळे खाली गेलीच नव्हती. त्या झाडांना बांबूचा आधार दिला आणि पद्धत बदलली: जूनमध्ये पाऊस लागताच लागवड करायची, खत जवळजवळ घालायचेच नाही, पहिल्या उन्हाळ्यात आठ-दहा दिवसांनी एकदाच पण खोलवर मुरेल इतके पाणी द्यायचे, बुंध्याशी पाचोळ्याचे जाड आच्छादन ठेवायचे, आणि दुसऱ्या वर्षापासून पाणी हळूहळू तोडायचे. उंच झाड कोरड्या जमिनीत उभे राहते ते मुळांच्या जोरावर, आणि मुळांना खाली जायला थोडी तहान लागते, असे माझे आता ठाम मत झाले आहे.

तरवडाचे पिवळे फूल जवळून पाहण्यासारखे असते. त्यात मध नसतो. भुंगा, म्हणजे मधमाश्यांच्या जातकुळीतली मोठी काळी माशी, येतो तो परागांसाठी. परागकोश इतर फुलांसारखे उकलत नाहीत, त्यांच्या टोकाला केवळ बारीक छिद्र असते. काळा भुंगा त्यांना घट्ट धरतो, पंख मिटून छातीचे स्नायू थरथरवतो, आणि छिद्रातून पराग त्याच्या पोटावर उडतात. उडतानाच्या गुणगुणीपेक्षा हा आवाज चढा असतो, त्यामुळे पाठ फिरवून काम करत असले तरी भुंगा फुलावर बसल्याचे मला कळते. सातेरी या आपल्याकडच्या मधमाशीला ही थरथर जमत नाही. म्हणूनच एका जातीच्या फुलावर बाग उभारू नये.

सातेरीसाठी अडुळसा आणि निर्गुडी लावली. अडुळशाची पांढरी फुले थंडीत येतात आणि त्याला शेळ्या तोंड लावत नाहीत, हा उघड्या कुंपणाला मोठाच फायदा. निर्गुडी मात्र दरवर्षी छाटावी लागते, नाहीतर तिचा वृक्ष होतो. रुई एका कोपऱ्यात ठेवली आहे, कारण तिच्या पानांवर बिबळ्या कडवा फुलपाखराच्या अळ्या वाढतात. पाने कुरतडलेली दिसली तरी मी औषध फवारत नाही. रुईचा चीक डोळ्यांत जाऊ देऊ नये, एवढी काळजी घ्यावी.

फेब्रुवारीनंतरचा काळ कठीण असतो. त्या दिवसांसाठी गेल्या वर्षी धायटीची दोन रोपे लावली आहेत. तिची लाल फुले उन्हाळ्याच्या तोंडाशी येतात. माझ्या रोपांना अजून फूल आलेले नाही.

आडवे झालेले तरवड आता आधाराशिवाय उभे आहेत. या मार्चमध्ये त्यांचे बांबू काढायला गेले, तेव्हा एका बांबूच्या पेरावर करंगळी जाईल एवढे गोल भोक दिसले आणि खाली ताजा भुसा पडलेला होता. थोड्या वेळाने त्यातून भुंगा बाहेर आला आणि सरळ तरवडावर जाऊन बसला. बांबू तिथेच ठेवले आहेत.